न ऐकलेल्या गाण्याची बातमी

कापसाच्या गाड्या लागल्या की आमच्या गल्लीतल्या बायका दारं लोटून घेतात. दुसरं करतील तरी काय? रुई उडते ती कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही. डाळीच्या पातेल्यात, वाळत घातलेल्या लुगड्याच्या पदरात, झोपलेल्या पोराच्या पापणीवर. शेजारची गंगाक्का म्हणते, मार्गशीर्षात धुळ्याला देवाच्या वातींसाठी कापूस विकत घेणारी बाई खुळी. दारात नुसतं ताट ठेवावं, आपोआप भरतं. बैलांच्या गळ्यातले घुंगरू, सरकीचा तो कुबट गोडसर वास आणि या सगळ्यावर सरकी वेगळी करणाऱ्या जिनाचा भोंगा. या दिवसांत गावात पैसा येतो आणि पैशाच्या मागोमाग गाणं येतं. नाटक मंडळ्या, तमाशाचे फड, जलसे, बैठका, या सगळ्यांना धुळं-जळगाव आठवतं ते कापूस फुटल्यावरच.

लोकांना हा हंगाम आवडतो. मलाही एकेकाळी आवडायचा. आता गाड्या दिसल्या की मान आपसूक खाली जाते. गंगाक्काला वाटतं, रुईचा त्रास होतो. मी तसंच वाटू देते.

लाजेचं मला एक कळत नाही. ताटातलं सांडतो एक आणि पोतेरं घेऊन बसते दुसरीच. घरच्या पुरुषाने काही बोलून ठेवावं, लिहून ठेवावं, आणि पाणी भरायला गेल्यावर चारजणींत कानाच्या पाळ्या तापाव्यात त्या बाईच्या. आमच्या ह्यांनाही लाज वाटली होती, नाही कशी म्हणू. पण पुरुषाच्या लाजेला बाहेर जायला वाटा असतात. पार असतो, कचेरी असते, रेल्वे असते. बाईची लाज घरातच राहते, माजघरात, मिठाच्या बरणीशेजारी. रोज हाताला लागते.

आमच्या घरचं वर्तमानपत्र होतं. म्हणजे अजून आहे, आता मुलगा चालवतो. ‘पांझरातरंग’, दर शुक्रवारी, चार पानं. पुढच्या ओसरीत छापखाना आणि मागे आमचा संसार. शाईचा वास इतका की माहेरची माणसं म्हणायची, तुझ्या भाकरीलाही छापखाना लागतो गं. मी शाळेची पायरी चढलेली नाही. अक्षरं शिकले ती छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. छापलेला कागद सरळ वाचता येऊ लागला तो पुढे कितीतरी दिवसांनी, आणि तेव्हा मला वाटलं होतं की लोकच उलटं वाचतात.

आमचे हे, गाव त्यांना नाना म्हणायचं, तसे ताठ माणूस. दारूच्या गुत्त्यांवर लिहिलं म्हणून कलेक्टरच्या कचेरीतून बोलावणं आलं, तर धुतलेलं धोतर नेसून गेले आणि आल्यावर जेवायला बसले जसे काही बाजारातून आले. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच लिहिलं. मला त्यांचा अभिमान होता. तो नसता तर पुढचं एवढं लागलंही नसतं.

आता छापखान्यातली एक रीत सांगते, तिच्यावरच सगळं आहे. चार पानं भरायची म्हणजे अक्षर न् अक्षर हाताने जुळवायचं. जुळवणारा एकच, दगडूभाऊ, नशिराबादचा. मग तो काय करायचा, ज्या बातम्या पुन्हा पुन्हा यायच्या त्यांचा मजकूर मोडायचाच नाही. सुतळीने आवळून फळीवर ठेवून द्यायचा. कुणी गेलं की ‘अंत्ययात्रेस अलोट जनसमुदाय लोटला होता’ तयार. सभेसाठी ‘भाषण फारच उद्बोधक झाले’ तयार. आणि बैठकीसाठी ही ओळ: ‘गायन बहारीचे झाले. श्रोते तल्लीन होऊन डोलत होते. शेवटी अत्तरगुलाब व पानसुपारी होऊन बैठक समाप्त झाली.’ गाणाऱ्याचं नाव, यजमानाचं नाव आणि जागा एवढं बदललं की झालं. एकदा एका आजोबांच्या अंत्ययात्रेच्या शेवटी अत्तरगुलाब आणि पानसुपारी छापून जायची राहिली. मीच पाहिलं म्हणून. त्या दिवशी आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. त्यात काही वाईट आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. गाणं आणि मरण, दोन्ही आपल्या गावात एकसारखीच होतात, असं समजून आम्ही चाललो होतो.

त्या वर्षी स्टेशनापलीकडे एका शेटजींनी नवं जिन घातलं. शेटजींची जाहिरात आमच्या शेवटच्या पानावर असायची, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. जिनाच्या मुहूर्ताला त्यांनी गाणं ठेवलं, आणि गायला बोलावल्या जमनाबाई बऱ्हाणपूरकर. चाळिशीच्या, ठेंगण्या, कपाळ मोठं. बरोबर सारंगी वाजवणारे एक म्हातारे, त्यांना त्या मामू म्हणायच्या. बऱ्हाणपूर काही लांब नाही, पण खानदेशात त्या प्रथमच आल्या होत्या. धुळ्याचं गाणं झालं की जळगावच्या रसिक मंडळींकडे बैठक ठरलेली होती. तिथे पसंत पडल्या तर पुढे अमळनेर, चोपडा, भुसावळ. म्हणजे दरवर्षीचा हंगाम लागला. ज्या नाटक मंडळीत त्या गात होत्या ती मोडली होती, आणि माहेर-सासर म्हणावं असं त्यांना काही नव्हतं. एवढं सगळं त्या मुहूर्तावर टांगलेलं होतं.

मुहूर्त बुधवारी दुपारचा. आमचा अंक बुधवारी सकाळीच यंत्रावर चढायचा, कारण गुरुवारी घड्या घालायच्या, पत्ते चिकटवायचे, आणि शुक्रवारी तो साक्री, पिंपळनेरपर्यंत जायला हवा. मग आठवड्याची बातमी आठवड्यात यायची कशी? ह्यांनी दगडूभाऊला सांगितलं, फळीवरचं काढ, नावं घाल. दुपारी गाणं व्हायचं ते सकाळीच बहारीचं होऊन गेलं.

मी गेले होते त्या दिवशी. आम्हा बायकांना गोदामाच्या माडीवर बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसवलं होतं. खाली मांडव, गाद्या, तक्के. शेटजींच्या आईने यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, भोंगा झाला, आणि शेजारच्या छपरात जिनाच्या चरक्या सुरू झाल्या. त्या ज्या सुरू झाल्या त्या थांबायच्या नव्हत्या. मुहूर्ताला चाललेलं यंत्र दिवस मावळेपर्यंत थांबवू नये, नाही तर हंगाम बसतो, अशी समजूत आहे आमच्याकडे. आजही पाळतात. गाण्यापुरतं थांबवता येईल का, असं मामूंनी हात जोडून विचारलेलं मी वरून पाहिलं. शेटजींनी हसून मान हलवली. शुभ कामात मोडता घालू नका, एवढंच म्हणाले असतील.

जमनाबाईंनी पहिला सूर लावला तो मला अजून आठवतो. नवं मडकं पाण्यात बुडवताना जसा आवाज येतो ना, खोल आणि भरत जाणारा, तसा. एवढाच. पुढचा श्वास घेतला आणि रुई आत गेली. छपराकडून पांढरा धूरच येत होता म्हणा ना. खोकला आला. पाणी प्यायल्या, पुन्हा लावला, पुन्हा अडकला. मग तर आवाज असा फाटला की माडीवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. खाली कुणी म्हणालं, बाईला गूळ द्या. कुणी म्हणालं, लावणी घ्या बाई, ती घशात नाही अडकत. यंत्राच्या खडखडाटात हसणं ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. पोटं हलत होती. जमनाबाई खाली मान घालून, तंबोरा मांडीवर घेऊन, शेटजी उठेपर्यंत तशाच बसून राहिल्या. उठून जायची त्यांना मुभा नव्हती. हेही पुढच्याच रांगेत होते.

मी घाईघाईने घरी आले. छपाईचं यंत्र चाललंच होतं, ओसरीत ओल्या पानांच्या दोऱ्या लागलेल्या. मी दगडूभाऊला म्हटलं, ते गाण्याचं काढा हो. त्याने शाईचे हात पुसले आणि मला म्हणाला, “अक्का, बातमी छापाय गयी. गानं मंग व्हयनं.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. मी हसले नाही. हे आल्यावर त्यांनाही म्हटलं. ते म्हणाले, आता कागद फाडायचा का? आणि चांगलंच तर लिहिलंय, वाईट लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी.

चांगलंच तर लिहिलंय. ह्या शब्दांवर मी नंतर किती वर्षं घालवली. चांगलं खोटं आणि वाईट खोटं, यात आपण केवढा भेद मानतो. वाईट खोटं बोलणाऱ्याला निदान भीती तरी असते.

शुक्रवारी अंक गेला, आणि शनिवारच्या बाजारात गावाला खेळणं सापडलं. कुणाचं गाढव ओरडलं की कुणीतरी म्हणणार, गायन बहारीचे झाले. कुणी ठसकला की श्रोते तल्लीन होऊन डोलत होते. भाजीवालीची तागडी करकरली तरी तेच. देवपूरहून दूध घालायला येणारी सखूबाई, तिला वाचताही येत नव्हतं, पण तिने मापं ओतता ओतता मला विचारलं, “काय वं अक्का, त्या बाईनी नानाले किती दिधं?” मी म्हटलं, कशाचं? तर म्हणाली, “वाहवा छापाना.” म्हणजे गावाने जे ठरवायचं ते ठरवलं होतं. जी गाऊ शकली नाही तिची वाहवा छापली जाते, तेव्हा ती फुकट छापली जात नाही. साधा हिशेब.

जमनाबाई पांझरेकाठच्या धर्मशाळेत उतरल्या होत्या. त्या आल्या सोमवारी, मामूंना घेऊन. ह्यांनी ओसरीतूनच पाहिलं आणि मला हळूच सांगितलं की मागच्या दाराने आत घे. गाणारी बाई छापखान्याच्या पुढच्या दाराने आली असं दिसायला नको. कलेक्टरकडे पुढच्या दाराने जाणारा माणूस तो. मी मागचं दार उघडलं. त्यांना सगळं कळलं होतं, पण चेहऱ्यावर काही नाही. पाय धुतले, घोंगडीवर बसल्या. मी ताक दिलं.

आणि मग जे झालं ते आठवलं की मला अजूनही कुठे तोंड लपवू असं होतं. हे आत आले ते हसत, हात जोडून, आणि जमनाबाईंनी काही बोलायच्या आत म्हणाले, “आभार वगैरे काही नकोत बाई. आमचं कर्तव्यच आहे ते.”

जमनाबाई बघत राहिल्या. मामूंनी मान फिरवली. मग त्या इतक्या हळू बोलल्या की ह्यांना वाकावं लागलं. घसा तेव्हाही बसलेलाच होता.

“नाना, मी तुमचं काय बिघडवलं होतं? सगळ्या गावापुढे माझी चेष्टा का केलीत?”

ह्यांना कळेचना. चेष्टा कसली, म्हणाले, स्तुती आहे ती. त्यावर त्या म्हणाल्या, “स्तुती गाण्याची असते. मी तर गायलेच नाही. एक दिवस घसा बसला तर लोक सोडून देतात, नाना. गवयाचा घसा म्हणजे शेतकऱ्याचं आभाळ, त्याचं कुणी मनावर घेत नाही. पण विकत घेतलेली वाहवा कुणी सोडत नाही. जळगावच्या मंडळींचा माणूस येऊन गेला. म्हणाला, बाई, आमच्याकडे गाणं लागतं, छापलेला कागद नाही.”

ह्यांचा चेहरा उतरलेला मी प्रथमच पाहिला. ते खाली बसले, जमिनीवरच. म्हणाले, मग मी काय करू सांगा.

त्यांनी सांगितलं. आधीच मनात जुळवून आणलं होतं, दगडूभाऊने जुळवावं तसं एकेक अक्षर. चारच वाक्यं. ती मी शेवटी लिहीन. ऐकून हे म्हणाले, येत्या शुक्रवारी छापतो. मी तिथेच उभी होते. त्यांनी शब्द दिला तो मी कानांनी ऐकला.

तो आठवडा जमनाबाई थांबल्या. जळगावला त्यांनी निरोप पाठवला की शुक्रवारचा अंक बघा आणि मग ठरवा. आणि गंमत बघा, गंमत तरी कशी म्हणू, त्या आठवड्यात त्यांचा घसा सुटला. सकाळी पांझरेवर धुणं न्यावं तर धर्मशाळेच्या घाटावरून आवाज यायचा. मामूंची सारंगी आधी, धुक्यासारखी पाण्यावरून सरकत, आणि मग त्यांचा सूर. तो कसा होता हे मला सांगता येत नाही. फळीवर बांधून ठेवलेला शब्द तेवढा येतो जिभेवर, आणि तो तर मेला वापरायचा नाही. एवढंच सांगते, पलीकडच्या देवपूरच्या काठावर धुणं बडवणाऱ्या बायका होत्या, त्यांचे हात थांबायचे. कुणी कुणाला गप्प बस म्हणत नव्हतं. सखूबाई दुधाची चरवी डोक्यावर घेऊन पाण्यात मधोमध उभी राहिलेली मी पाहिली, लुगडं भिजतंय याचं भान नाही. वर आली तेव्हा मला म्हणाली, “अक्का, हाई तीच बाई शे का?” मी म्हटलं, तीच.  दुधाचे पैसे विचारायलाही ती त्या दिवशी विसरली.

म्हणजे धुळ्याने जमनाबाईंना ऐकलं. धुळ्याच्या धुणं धुणाऱ्या बायकांनी ऐकलं. पण त्यांचं ऐकणं कोण छापतो? मांडवात ज्यांना गादी होती त्यांनी फक्त खोकला ऐकला, आणि वर्तमानपत्र त्यांचं.

बुधवारी सकाळी, अंक यंत्रावर चढायच्या आधी, शेटजींचे मुनीम आले. ओसरीत बसले, पान खाल्लं. आवाज चढवला नाही की काही नाही. शेटजींच्या कानावर आलंय म्हणाले, की मुहूर्ताचं गाणं बिघडलं असं नाना छापणार आहेत. मुहूर्ताला अपशकुन झाला असं एकदा छापलं की कोण शेतकरी त्या जिनात गाडी आणील? गाणं बिघडलं म्हणजे मुहूर्त बिघडला, नाही का? बाईचं काय, ती आज आहे, उद्या नाही. आणि उठून गेले. जाहिरातीचं नावही काढलं नाही. काढायची गरज नव्हती.

मी आतून सगळं ऐकलं होतं. हे आत आले तेव्हा मी म्हटलं, तुम्ही शब्द दिलाय. ते म्हणाले, माहीत आहे. मी म्हटलं, कलेक्टर साहेबाला घाबरला नाहीत. ते ओसरीकडे निघून गेले. साहेबाला घाबरलं नाही की गाव डोक्यावर घेतं. शेटजींना घाबरलं नाही तर त्याच गावात कागद उधार मिळत नाही. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की कापसाच्या गासडीपुढे माझा नवरा लहान झाला.

शुक्रवारी सकाळीच हे जळगावला निघून गेले. कामं आहेत म्हणाले. अंक मी पाहिला नव्हता, त्यांनी पाहू दिला नव्हता. दुपारी जमनाबाई आल्या. मागच्याच दाराने, न सांगता. त्यांना आपली लिपी येत नव्हती. घोंगडीवर बसून म्हणाल्या, “वाचा बाई. तुमच्या तोंडून ऐकते.”

मी अंक उघडला. दुसऱ्या पानाच्या तळाशी होतं, छोट्या अक्षरांत. एकदा मनात वाचलं आणि वाटलं, ह्या घरात आपल्याला अक्षरं कशाला शिकवली कुणी. दुसरंच काही वाचून दाखवावं असंही मनात आलं. पण त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. मी वाचलं. ‘जिनाच्या मुहूर्तप्रसंगी जमनाबाईंची प्रकृती किंचित नरम होती, तथापि गायन नेहमीप्रमाणे बहारीचेच झाले, असे वाचकांस मुद्दाम कळविण्यात येते.’

त्या म्हणाल्या, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. मामूंनी डोळे मिटले होते.

“मुद्दाम,” जमनाबाई म्हणाल्या. मग बराच वेळ घोंगडीची दशी बोटांनी सारखी करत बसल्या. “नाना वाईट नाहीत, बाई. मला दिसलं ते. चांगल्या माणसाचं हेच होतं, कुणालाच नाही म्हणता येत नाही. मग तो दोघांना अर्धं अर्धं देतो.” उठल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवला, जणू मीच काही गमावलं होतं, आणि गेल्या. त्यांना थांबा म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. कुंकू लावायचंही सुचलं नाही.

हे जळगावला कशाला गेले होते, ते मला फार उशिरा कळलं. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांनी सांगितलं. ते त्या रसिक मंडळींकडेच गेले होते. छापायचं धाडस झालं नाही म्हणून तोंडाने खरं सांगायला. सांगितलं म्हणे सगळं, बातमी आधी जुळवली, गाणं नंतर झालं, बाईंचा काही दोष नाही, बाई थोर आहे. मंडळींनी ऐकून घेतलं, चहा दिला. मग त्यांच्यातला एक वयस्कर गृहस्थ म्हणाला, “नाना, पेपरात एक आणि तोंडात एक. यातलं तुमचं कोणतं धरायचं?” आणि त्या दिवशीच्याच अंकातल्या त्या ओळी पुढे केल्या. अंक त्यांच्याआधी कुणाच्या तरी हातून जळगावला पोचला होता. त्यांचाच.

परत येताना चाळीसगावला गाडी बदलायची होती. फलाटावर जमनाबाई बसलेल्या दिसल्या, बोचक्यावर, तंबोरा भिंतीला टेकवलेला, मामू शेजारी पेंगत. बऱ्हाणपूरकडच्या गाडीची वाट बघत असतील. हे तांब्या घेऊन पाण्याला निघाले होते. तसेच मागे फिरले, रिकामा तांब्या घेऊन डब्यात जाऊन बसले, धुळं येईपर्यंत तहानलेले. हे सांगताना माझ्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पुसलं.  मला त्यांची कीव येत होती आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकाच हाताने पुसत होते.

त्या रविवारी ह्यांनी स्वतः फळीवरचा तो मजकूर काढला, सुतळी सोडली, आणि एकेक खिळा पेटीतल्या ज्याच्या त्याच्या घरात टाकला. दगडूभाऊ बघत राहिला. म्हणाला, “नाना, कसाले मोडतस? आते हंगाम शे.” हे म्हणाले, आपल्या पेपरात आता गाण्याची बातमी येणार नाही. आणि नाही आली. ते होते तोवर एकही नाही. कुणी आमंत्रण दिलं तरी जायचे नाहीत. मला वाटलं, बरं झालं, माणसाने आपल्याला शिक्षा करून घेतली. मी मनातल्या मनात त्यांना माफही करून टाकलं होतं.

यंदा दिवाळीनंतर माझा मुलगा जुने अंक काढून बसला. स्वराज्य येणार म्हणतात, तर आपल्या भागाचं काय काय होतं ते लिहावं असं त्याच्या मनात आहे. एका संध्याकाळी मला म्हणाला, आई, आपल्या इथलं गाणं एका हंगामानंतर बंदच पडलं का? त्यानंतरच्या एवढ्या वर्षांच्या अंकांत कीर्तनं आहेत, भाषणं आहेत, पिकं, टोळधाड, सगळं आहे. गाणारं कुणीच नाही.

माझ्या हातातलं निवडणं थांबलं. कुणीच नाही. केवढी माणसं येऊन गेली ह्या गावात. आंधळा बीनवाला आला होता, त्याचं ऐकायला लोक सराफ्यात छपरांवर चढले होते. दोघी बहिणी आल्या होत्या, एकीचा सूर संपतो कुठे आणि दुसरीचा लागतो कुठे ते कळायचं नाही. आमचा ढोलकीवाला सोनार, ज्याच्यासाठी जळगावहून माणसं गाडीने यायची. सगळे गायले, वाजवलं, गेले, मेले. आणि गावातल्या एकुलत्या एका पेपराने त्यांच्याकडे पाठ केली, कारण संपादकाला एका बाईची लाज वाटत होती. शिक्षा त्यांनी स्वतःला केली असं मी समजत होते. ती भोगली सगळ्या गाणाऱ्यांनी. लाज वाटली की माणूस डोळे मिटून घेतो आणि त्याला वाटतं आपण नम्र झालो.

मुलाला मी सगळं सांगितलं. तो वडिलांवर गेलाय, आधी पुढ्यातले अंक रचत बसला. मग म्हणाला, तू लिही, मी छापतो. मी म्हटलं, जाहिराती? तो म्हणाला, लिही तू.

म्हणून हे एवढं. जमनाबाई कुठे असतील, असतील की नाही, मला ठाऊक नाही. बऱ्हाणपूरकडच्या दोघातिघांना विचारलं, नाव कुणी ऐकलेलं नाही. छापलेल्या कागदावर त्यांच्या नावाने दोनच बातम्या आहेत आणि दोन्ही आमच्या, दोन्ही खोट्या. त्यांनी माझ्या माजघरात घोंगडीवर बसून जे छापायला सांगितलं होतं, ते असं:

जिनाच्या मुहूर्ताला जमनाबाईंचा घसा बसला. गाणं चांगलं झालं नाही. त्याआधी छापलेली वाहवा त्यांनी मागितलेली नव्हती. ज्यांना त्यांचं गाणं ऐकायचं असेल, त्यांनी पुन्हा ऐकावं.